छोट्या प्लेटवर घरातलं माणूस कसं उतरवायचं? (एचिंग, रेघा आणि सासूबाईंचा हात)

माजघर

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज प्रिंट समोर घेऊन बसलेय तर लिहूनच टाकते. मी नाशिकला सिडकोत राहते. कॉलेजात ग्राफिकला एचिंग केलं होतं, आवडायचंही खूप, पण नंतर लग्न, नोकरी, मुलगी, यात बारा वर्षं त्या सुईला हात लावला नाही. गेल्या वर्षी ओळखीतल्या एकांनी छोटं प्रेस बसवलं आणि मी दर रविवारी तिकडे जायला लागले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: तांब्याच्या पत्र्यावर मेण, राळ आणि डांबर यांचा पातळ थर द्यायचा (त्याला ग्राउंड म्हणतात), त्यावर सुईने चित्र काढायचं, म्हणजे थर खरवडला जाऊन खालचं तांबं उघडं पडतं, मग प्लेट आम्लात किंवा फेरिक क्लोराइडमध्ये ठेवायची. उघड्या रेघा खाल्ल्या जातात. मग थर काढून त्या खाचांत शाई भरायची, वरची पुसून घ्यायची आणि ओलसर कागद ठेवून प्रेसमधून काढायचं. मराठीत अम्लरेखन असा शब्द आहे पण आम्ही कोणी बोलताना वापरत नाही, एचिंगच म्हणतो.

आता माझा प्रश्न. विषय घरातलाच घेतला. दुपारी जेवणं झाली की सासूबाई खिडकीपाशी सतरंजीवर गोधडी घेऊन बसतात. माझी मुलगी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपते, गोधडीचं एक टोक तिच्या अंगावर आणि दुसऱ्या टोकाला सासूबाईंचे टाके चालू. हे मी रोज बघते आणि रोज वाटतं की हे आपण काढलं नाही तर काय काढलं. प्लेट ९ बाय १२ सेंटीमीटरची, तळहातावर मावेल एवढी. चार रात्री खपून गोधडीचा टाका न टाका काढला, साड्यांच्या तुकड्यांचे वेगवेगळे पोत काढले, भिंतीला आडव्या-उभ्या रेघांची जाळी, सतरंजीला जाळी, अंगावरच्या लुगड्याला जाळी. सगळी प्लेट एकदाच फेरिकमध्ये टाकली, ४० मिनिटं.

प्रिंट निघाली ती स्वच्छ, एकही रेघ तुटलेली नाही, मी खूश. घरी आणून सासूबाईंना दाखवली. त्यांनी चष्मा लावला, खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "गोधडी झकास आलीय गं. पण माझा हात कुठाय?"

आणि खरंच, हात नाहीये. म्हणजे काढलाय मी, पाची बोटं आहेत, सुईपण आहे, पण ते सगळं टाक्यांच्या गर्दीत बुडालंय. ज्या हातासाठी हे चित्र काढायला घेतलं तोच दिसत नाही. चेहरा पण करडा झालाय, जाळीच्या दारामागे बसल्यासारखा.

काय चुकलं ते अर्धवट कळतंय, नीट कळत नाहीये. जाणकारांनी सांगा. प्लेट वाचवता येईल का तेही सांगा.

तांबटपोर

ताई धागा आवडला. चित्रातलं मला काही कळत नाही, पण तांबं कळतं. आमचं घराणंच तांब्या-पितळेचं, भांडी बाजारात दुकान आहे आणि मागच्या गल्लीत कामाची जागा. कॉलेजची मुलं आमच्याकडे पत्रा न्यायला येतात, तुम्ही पण कधीतरी आला असाल.

प्लेट वाचवण्याबद्दल: तांबं मऊ असतं, नको ती रेघ घासून काढली की तिथे खड्डा पडतो आणि त्यात शाई बसत असणार. भांड्याचा पोचा काढतात तसं करा. प्लेट उलटी करून लोखंडी ठिय्यावर ठेवा, खड्ड्याची जागा मागून खूण करून घ्या आणि हलक्या हाताने ठोका, पत्रा वर येतो. मग वरून घोटून सपाट करायचं. जोरात ठोकलंत तर पुढून उंचवटा येईल, म्हणून थोडं थोडं आणि मधेमधे बोटाने चाचपत. पत्रा १ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर जड जाईल पण होतं. प्लेट घेऊन आलात तर माझे वडील दहा मिनिटांत करून देतील, त्यांचा हात बसलाय.

माजघर

@तांबटपोर, दादा हे मला कोणी शिकवलंच नव्हतं, स्क्रेपर (खरवडायचं पातं) आणि बर्निशर (घोटायचं हत्यार) माहिती होता पण मागून ठोकायचं कधी केलं नाही. नक्की येते.

ओली_शाई

माजघर, तू जे केलंस ते आम्ही सगळ्यांनीच पहिल्यांदा केलंय. सुई मेणावर इतकी सहज सरकते, कागदावरच्या पेनापेक्षाही सहज, की हात थांबतच नाही. बुरिनने (धातू कोरायचं टोकदार हत्यार) कोरायचं तर दर रेघेला जोर लागतो त्यामुळे माणूस विचार करून रेघ टाकतो, एचिंगमध्ये काही जोर लागत नाही म्हणून थांबणं आपलं आपण शिकावं लागतं.

दोन गोष्टी एकत्र झाल्यात तुझ्या. एक म्हणजे सगळ्या रेघा एकदाच ४० मिनिटं खाल्ल्या गेल्या, त्यामुळे हाताची कड आणि लांबच्या भिंतीची जाळी दोन्ही सारख्याच खोल, सारख्याच काळ्या. दुसरी म्हणजे कोरा कागद कुठे उरलाच नाही. एचिंगमध्ये उजेड काढता येत नाही, फक्त ठेवता येतो. पांढरा रंग नसतोच, कागद हाच उजेड. दुपारी खिडकीपाशी बसतात म्हणतेस, तिथला उजेड प्लेटवर तू रेघांनी भरून टाकलास.

रेम्ब्राँचं (सतराव्या शतकातला डच चित्रकार) १६५४ चं एक एचिंग आहे, मेरी आणि बाळ येशू, मांजर आणि साप असलेलं. साडेनऊ बाय साडेचौदा सेंटीमीटर, म्हणजे तुझ्या प्लेटच्या जवळपासच. ॲमस्टरडॅमच्या राईक्स म्युझियमच्या साइटवर त्याची एचिंग्ज मोठ्या साइजमध्ये फुकट उतरवून घेता येतात, घे आणि स्क्रीनवर मोठं करून बघ. विषय धार्मिक आहे पण प्रत्यक्षात ते एक घर आहे. आई जमिनीलगत बसलीय, बाळ गालाला बिलगलंय, बाजूला मांजर तिच्या झग्याशी खेळतंय आणि मेरीचा नवरा जोसेफ खिडकीच्या बाहेरून आत बघतोय. खिडकीच्या काचेवरची गोल नक्षी बरोबर तिच्या डोक्यामागे येते, तीच प्रभावळ होते. वेगळी प्रभावळ काढलीच नाही. आता त्यात रेघा कुठे गर्दी करतात आणि कुठे विरळ होतात ते बघ. त्याची मूळ तांब्याची प्लेट अजून आहे, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये.

दुसरं त्याचंच १६३५ चं, पॅनकेक करणारी म्हातारी. अकरा बाय आठच्या आत. आपल्याकडे घावन करायला बसावं तशी ती तव्यापाशी वाकलीय, भोवती पोरं, आणि पुढे एक लहान पोर आपला घास कुत्र्यापासून वाचवतंय, सगळं अंग वळवून. गंमत कशात आहे सांगू? त्याने सगळी माणसं सारखी पूर्ण केलेली नाहीत. कुणाला भरगच्च रेघा, कुणाला नुसती एक वळणाची कड. डोळा आपोआप जिथे जायला हवा तिथे जातो.

नाशिकरोडकर

मी नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरी केली, रिटायर होऊन सात वर्षं झाली. एचिंग माझा विषय नव्हे पण खाचेतल्या शाईची छपाई, इंटाग्लिओ, हा जन्मभराचा विषय आहे, म्हणून दोन ओळी लिहितो.

माजघर ताई, खिशातली शंभराची नोट काढा, गांधीजींच्या चित्रावर बोट अलगद फिरवा. खरखर लागते ना? तीच तुमची एचिंगची छपाई, यंत्रावर केलेली. शाई खाचेत बसते, कागद प्रचंड दाबाने त्या खाचेत शिरतो आणि शाईसकट वर येतो, म्हणून ती उभी राहते. नाशिकरोडला करन्सी नोट प्रेस १९२८ पासून आहे, आमच्या पिढीतल्या अर्ध्या घरांत कोणी ना कोणी तिथे कामाला होतं.

आता भिंग घ्या (तुमच्याकडे असणारच). कोरलेल्या चेहऱ्यात सावलीकडे रेघा जाड आणि जवळजवळ असतात, उजेडाकडे येता येता त्याच रेघा बारीक होतात, मग तुटतात, मग नुसते ठिपके उरतात आणि मग काहीच नाही, कोरा कागद. कपाळ, नाकाची कड, गालाचा उंचवटा, तिथे कोरणाऱ्याने हत्यार उचललेलं असतं. बुरिनने कोरलेली रेघ सुरू होताना बारीक, मधे फुगलेली, शेवटी परत बारीक अशी असते. तुमच्या आम्लाच्या रेघेला ते जमत नाही, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची. म्हणून तुम्हाला जाड-बारीक हे वेळेवर मिळवावं लागणार, म्हणजे ओली_शाई म्हणतात तसं टप्प्याटप्प्याने.

लुगड्याची घडी, मनगटाची गोलाई, यावर रेघ त्या गोलाईबरोबर वळली पाहिजे. आमच्याकडच्या कोरणाऱ्यांचं काम बघत राहावं असं असायचं, तासाला काही मिलिमीटर सरकायचं काम, आणि सगळं उलटं, आरशातलं.

खिडकीतली

वाचतेय सगळं, तांत्रिक चर्चा छान चाललीय. पण मला वेगळंच बोलायचंय, राग मानू नका कोणी. "घरातलं आपलेपणाचं दृश्य" म्हटलं की दरवेळी बाई काहीतरी काम करत असते आणि कोणीतरी लांबून तिच्याकडे बघत असतं. त्या रेम्ब्राँच्या चित्रातसुद्धा जोसेफ बाहेर उभा राहून बघतोय. शेकडो वर्षं हेच. बाईची दुपार म्हणजे बघणाऱ्याचं सुख. माजघर, तुझ्या सासूबाईंना तू विचारलंस का की त्यांना कसं दिसायचंय?

ओली_शाई

@खिडकीतली, हा मुद्दा मी उडवून लावणार नाही, बरोबर आहे. पण याच प्रकारात बायकांनी स्वतः काम केलंय ते पण बघ. मेरी कॅसाट या पॅरिसमध्ये राहणाऱ्या अमेरिकन चित्रकर्तीने १८९०-९१ मध्ये दहा रंगीत प्रिंटचा संच केला, ड्रायपॉइंट (आम्लाशिवाय, सुईने थेट धातूवर ओरखडून) आणि ॲक्वाटिंट (राळेच्या पुडीने सपाट छटा मिळवून), प्रत्येकाच्या २५ प्रती. बाळाला आंघोळ घालणारी बाई, पत्र चिकटवणारी बाई, आरशासमोर केस सावरणारी. पॅरिसमध्ये १८९० साली जपानी ठशांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, ते बघून ती झपाटली होती. तिच्या बाया कुणासाठी बसलेल्या नाहीत, त्या आपल्या कामात आहेत. आणि रेघ बघ, जवळजवळ जाळी नाहीच, एकेक कड.

आपल्याकडे ललिता लाजमी (१९३२–२०२३). शाळांमध्ये चित्रकला शिकवायच्या आणि त्याबरोबर एचिंग करायच्या. त्यांच्या कामात घर आहे, आई-मुलगी आहे, नवरा-बायको आहेत, आणि ते घर नेहमी सुखाचंच असेल असं नाही. गुरुदत्तची बहीण एवढीच ओळख लोक सांगतात त्यांची, मला ते फार लागतं. एवढं काम केलेल्या बाईची ओळख तिच्या प्लेट्सवरून व्हायला हवी.

माजघर

@खिडकीतली, राग कशाला. काल रात्री तुझा प्रतिसाद वाचून आज सकाळी खरंच विचारलं. म्हटलं आई, तुम्हाला कसं दिसायचंय चित्रात? त्या म्हणाल्या, "मी काय दिसायचंय, मी शिवतेय ना, ते दिसू दे." मग थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून परत आल्या आणि म्हणाल्या, "आणि पोरीला जाग येऊ देऊ नकोस."

ते दुसरं वाक्य दिवसभर डोक्यात आहे. चित्रात तिला जाग येऊ नये म्हणजे तिच्या भोवती रेघांचा गोंगाट नको. मी तिच्या केसांची बट न बट काढली होती.

ओली_शाई

झालं की मग! तुला उत्तर घरातच मिळालं.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते लिहितो, वेळ आहे म्हणून सविस्तर. ती प्लेट ठेव बाजूला, तिच्यावर खरवडायची प्रॅक्टिस कर, आणि नवीन प्लेट घे, तेवढीच. ग्राउंड दिल्यावर मेणबत्तीच्या धुराने काळा कर म्हणजे सुईची रेघ तांबूस चमकते आणि डोळ्याला दिसते. (उलटं वाटतं, कारण जी रेघ चमकतेय ती काळी येणार आहे, पण सवय होते.) आधी फक्त ज्या रेघा सगळ्यात काळ्या हव्यात त्या काढ, म्हणजे खिडकीच्या चौकटीची आतली कड, गोधडीच्या घडीखालची सावली, सासूबाईंच्या पदराची मागची बाजू. १५-२० मिनिटं फेरिक. धुऊन वाळव. मग त्याच ग्राउंडमधून मधल्या रेघा काढ, परत १५. जुन्या रेघा अजून खोल जातात, नव्या मध्यम होतात. शेवटी हात आणि चेहरा, आणि हे फक्त ४-५ मिनिटं. म्हणजे ज्यावर सगळ्यात जास्त जीव आहे ते सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हलकं. प्लेट उपडी ठेव, कडांखाली आधार लावून तळापासून जरा वर, फेरिकचा गाळ खाचेत बसला तर रेघ अर्धवट खाल्ली जाते.

थंडीत बाथ गार असेल तर वेळ वाढतो. डिसेंबरात सकाळी नाशिकला माझ्याकडे याच रेघांना दुप्पट वेळ लागतो, म्हणून आधी कडेच्या पट्टीवर ट्रायल घेत जा. आणि घरी नायट्रिक वापरायचा विचार पण करू नकोस, तांब्यावर त्याचा तपकिरी धूर निघतो, तो विषारी असतो, लहान मूल आहे घरात. फेरिक इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, सर्किट बोर्डसाठी मुलं नेतात तेच.

अवांतर: रेम्ब्राँने १६५० च्या दशकाच्या शेवटाकडे मुघल लघुचित्रांवरून वीसेक रेखाचित्रं केली, तीसुद्धा जपानी कागदावर. म्हणजे ॲमस्टरडॅमच्या घरात बसून तो आपल्याकडच्या बारीक रेघेचा अभ्यास करत होता. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार भारी वाटलं होतं.

नाशिकरोडकर

सविस्तर आणि उत्तम लिहिलंय. एक पुस्ती: पुसणं. मलमलीसारख्या जाळीच्या कापडाने पुसून झाल्यावर शेवटी तळव्याला खडूची पूड लावून हलका हात फिरवतात, तेव्हा हात-चेहऱ्याची जागा जास्त स्वच्छ पुसा आणि खोलीच्या कोपऱ्यात शाईचा किंचित पापुद्रा राहू द्या. दुपारी पडदा अर्धा ओढलेल्या खोलीसारखं येईल.

तांबटपोर

ताई वडील म्हणाले गुरुवारी या, बुधवारी पत्र्याची गाडी येते.

गोदेकाठची

मी या विषयातली नाही, फक्त गोधडी शिवते. माजघर, तुझ्या सासूबाई टाके कुठून कुठे घालतात? आमच्याकडे कडेने सुरू करून गोल गोल आत येतात, चारी बाजूंनी, शेवटी मधे एक चौकोन उरतो. सगळे टाके एका दिशेला नसतातच. तू जर सगळे आडवेच काढले असशील तर जी शिवते तिला ते बरोबर दिसणारच नाहीत. आणि जिथे सध्या हात चाललाय तिथला भाग सैल फुगलेला असतो, अजून ताणलेला नसतो, तिथे टाके दिसत नाहीत, नुसतं कापड दिसतं.

माजघर

@गोदेकाठची, तुमचा प्रतिसाद वाचून मी आत्ता उठून बघून आले. अगदी तसंच आहे. कडेने आत. आणि हाताखालची जागा कोरी आणि फुगलेली. मी रोज बघत होते आणि मला दिसलं नव्हतं. हाताच्या भोवती कोरा कागद कसा ठेवायचा याची मला काळजी होती, आणि तिथे मुळात टाका नाहीच!

माजघर

तीन आठवड्यांनी अपडेट देतेय, उशीर झाला, मधे मुलीला ताप होता.

गुरुवारी भांडी बाजारात गेले. दादाच्या वडिलांनी जुन्या प्लेटचा हात असलेला भाग मागून ठोकून वर आणून दिला, पैसे घेतले नाहीत, चहा पाजला. नवीन पत्रा घेतला, कडा कानशीने तिरप्या केल्या. तीन टप्प्यांत फेरिकमध्ये ठेवलं, आधी सावल्या, मग गोधडीच्या कडेचे टाके गोल वळणाने आत येणारे, आत येता येता विरळ, आणि मधे हाताखाली काहीच नाही. हात शेवटी, पाच मिनिटं. मनगटावरच्या बांगड्या दोनच रेघांत. मुलीचे केस पाच-सहा रेघांत सोडले, गालाला एकही रेघ नाही, फक्त कानामागून येणारी सावली. सुईतून निघालेला दोरा ग्राउंड काढल्यावर थेट तांब्यावर ड्रायपॉइंटने ओढला, एकच रेघ, तिच्या कडेला जी धातूची कूस उभी राहते तिने शाई धरली आणि दोरा जरा लोकरीसारखा मऊ आला. मुद्दाम नव्हतं केलं, पण ठेवलं.

सहा प्रिंट काढल्या, दोन बिघडल्या (कागद एप्रिलच्या गरमीत कडेने वाळला, आता ओल्या ब्लॉटिंगमध्ये प्लास्टिकखाली ठेवते). चांगली प्रिंट घरी आणली.

सासूबाईंनी परत चष्मा, परत खिडकी. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग स्वतःचा उजवा हात चित्राशेजारी धरून बघितला आणि म्हणाल्या, "हात माझाच आहे. पण मी डावखुरी कधी झाले गं?"

प्लेटवर सरळ काढलं की प्रिंट उलटी येते, हे मला माहीत नाही असं नाही, पण त्यांच्या हातात इतकी गुंतले की विसरलेच.

ओली_शाई

रेम्ब्राँचं ॲमस्टरडॅम शहराचं एचिंगसुद्धा उलटं आहे, १६४० च्या सुमाराचं. त्याने समोर बघून थेट प्लेटवर काढलं असणार. ही प्लेट बदलू नकोस, माजघर.

खिडकीतली

मला एक प्रिंट हवीय. विकत. सासूबाईंना विचारून सांग.

माजघर

विचारलं. म्हणाल्या दे, पण पुढच्या वेळी उजवा हात काढ, आणि तेव्हा गोधडी पूर्ण झालेली असेल, मी आता वाकळ घ्यायला लागलेय.